मी रचलेला फितूर

किल्ल्याच्या पायऱ्या किती, हे मला विचारू नका. तीस वर्षं मी देवगिरीवर गाइड होतो आणि प्रत्येक पार्टीला मी वेगळा आकडा सांगितला. माणूस धापा टाकायला लागला की आकडा चढवायचा, म्हणजे त्याला आपण लई मोठं काम केलं असं वाटतं. सोबत म्हातारं माणूस असलं की उतरवायचा, म्हणजे ते अर्ध्यातून परत फिरत नाही. आमच्या धंद्यात याला कुणी खोटं म्हणत नाही.

संपादकबाईंचा फोन आला, ‘दिवाळी अंकासाठी किल्ल्यावरच्या गमती लिहा.’ गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलो की एकच गोष्ट आडवी येते, आणि ती काही फार गमतीची नाही. तरी लिहितो. बिल्ला परत करून दोन वर्षं झाली, आता लपवून कुणाचं भलं होणार आहे?

आधी धंदा सांगतो. आम्ही गिऱ्हाइकाला पार्टी म्हणतो, मग तो एकटा असो की अख्खी एसटी भरून आलेली शाळा. तिकिटाच्या खिडकीजवळ उभं राहायचं, चालण्यावरून माणूस ओळखायचा. पाण्याची बाटली घेऊन तरातरा निघाला तो गाइड घेत नाही. दारातल्या तोफांपाशी थांबून मान वर करून बघतो तो घेतो. मग मिनार, मेंढा तोफ, चिनी महाल असं करत खंदकावरच्या पुलापर्यंत यायचं. त्याच्यापुढं अंधारी. कातळातून वर चढणारा काळाकुट्ट बोगदा, वळणांचा, वटवाघळांच्या वासाचा. वर जायची खरी वाट पूर्वी ती एकच. आमची निम्मी कमाई त्या काळोखावर होती, कारण तिथं आलं की भले भले म्हणायचे, ‘गाइड आहे का हो कुणी?’

मला हे काम शिकवलं चाचांनी. आमच्या गावातलेच, दौलताबादचे. मी सीताफळाच्या पाट्या घेऊन दारात बसायचो, तिथून उचलून त्यांनी मला वर नेलं. त्यांचे नियम दोन. पहिला, “अंधेरे में गिनके लेना, गिनके निकालना.” मी कायम मोजायचो. एकदा अकरा माणसं आत नेली आणि बारा बाहेर काढली. बारावे गृहस्थ दुसऱ्याच पार्टीचे, आत चुकले होते आणि माझ्या बॅटरीमागं मुकाट लागले होते. बाहेर आल्यावर म्हणाले, “तुमची माहिती त्यांच्यापेक्षा चांगली आहे, मी इथंच राहतो.”

दुसरा नियम असा: “कुछ भी बोलो बेटा, मगर ‘मालूम नहीं’ नक्को बोलो. मालूम नहीं बोले तो पार्टी गई समझो.”

या दुसऱ्या नियमानंच माझा घात केला.

देवगिरीची मिठाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. यादवांचं राज्य होतं. उत्तरेतून फौज आली, किल्ल्याला वेढा पडला. गडबडीत खालची पोती भराभरा वर चढवली. धान्य आहे, महिनोन्‌महिने पुरेल, या भरवशावर दरवाजे लावून घेतले. थोड्या दिवसांनी पोती उसवून बघतात तर आत मीठ. व्यापाऱ्यांची मिठाची पोती होती ती, कुणी उघडून बघितलीच नव्हती. एवढा कातळ तासलेला, एवढा खंदक, एवढी अंधारी, आणि राजा शरण गेला तो भुकेनं. खरं किती, खोटं किती, ते जाणत्यांनी ठरवावं. आम्ही मात्र ही गोष्ट खंदकाच्या काठावर सांगायचो, कारण तिथं पार्टी दम खायला थांबते.

एकदा पुण्याकडचे एक गृहस्थ आले. हातात वही. मी गोष्ट संपवली तर म्हणाले, “कोठारावर कोण कारभारी होता?”

“होता एक जण.”

“हो, पण नाव? नाव असेलच ना!”

आता काय सांगायचं? त्याच सकाळी घरी माझं डोकं फिरलं होतं. शहरात शहागंजातल्या एका आडतवाल्याकडून मी ज्वारीचं पोतं आणलं होतं. वर मोत्यासारखी ज्वारी आणि खाली वीतभर खडे न् माती! बिडकीनकडची खास ज्वारी म्हणून त्यानं गळ्यात मारली होती. दुकानाच्या पाटीवर त्याचं आडनाव ठळक लिहिलेलं, बेलगुडे. माझ्या तोंडून गेलं, “बेलगुडे. बेलगुडे नावाचा होता.”

गृहस्थांनी लिहून घेतलं. मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू! आडतवाल्याची चांगली जिरवली असं वाटलं. कसली जिरवली? त्याला पत्तासुद्धा नव्हता.

पण झालं काय, नाव घातल्याबरोबर गोष्ट जिवंत झाली. आधी लोक नुसतं ‘अरेरे’ म्हणायचे आणि बाटलीतलं पाणी प्यायचे. आता शिव्या द्यायला त्यांना माणूस मिळाला. एका मावशींनी तर खंदकाकडं तोंड करून कडाकडा बोटं मोडली. मग मीही चढत गेलो. पहिल्या वर्षी माझा बेलगुडे नुसता गाफील होता. दुसऱ्या वर्षी त्यानं मुद्दाम मीठ भरलं. तिसऱ्या वर्षापासून तो शत्रूकडून सोनं घ्यायला लागला. आणि सगळ्यावर कळस म्हणजे, गोष्ट संपवताना मी हात लांब करून म्हणायचो, “त्याचे वंशज अजून आहेत बरं का, तिकडं बिडकीनच्या बाजूला.” लोक खरंच तिकडं बघायचे.

बाकीच्या गाइडांनीही ती उचलली. आमच्यात चांगली गोष्ट कुणाच्या मालकीची नसते. दहा-बारा वर्षांत ती एवढी पक्की झाली, की एक नवीन गाइड मलाच सांगायला लागला, “भाऊ, तुम्ही बेलगुड्याचं सोनं कमी सांगता. चार गोण्या होतं.”

माझ्या धंद्यातला शेवटचा हिवाळा. सहलींचे दिवस. दुपारी मी दाराजवळच्या ओट्यावर डबा सोडत होतो. एक माणूस समोर येऊन उभा राहिला. चाळिशीचा, कंपनीचा निळा शर्ट घातलेला.

“भाऊ, इथं सगळ्यात जुने गाइड तुम्हीच का?”

“व्हय. किती जण आहात?”

“मी एकटाच हाय. किल्ला नाय बघायचा. एक इचारायचं होतं.” तो खाली बसला. “माझं नाव नामदेव बेलगुडे. बिडकीनच्या अलीकडं आमचं गाव. वाळूजला कंपनीत असतो.”

मी हातातला घास डब्यात परत ठेवला.

त्यानं सगळं सांगितलं, अगदी शांतपणे. त्याची मुलगी ऋतुजा, आठवीत. शाळेची सहल किल्ल्यावर आली होती. आमच्यापैकीच कुणीतरी खंदकापाशी मिठाची गोष्ट सांगितली, नावासकट, गावाच्या दिशेसकट. सगळा वर्ग वळून तिच्याकडं बघायला लागला. त्या भागात बेलगुड्यांची घरं तीनच. सरसुद्धा हसून म्हणाले, “काय गं, तुमचेच का ते?” सर गमतीनं बोलले, पण पोरांना तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवसापासून तिचं नाव फितूर. बाकावर मीठ. डब्यात मूठभर मीठ. तिच्या शेजारी कुणी बसेना, मैत्रिणी गेल्या, आणि पंधरा दिवस झाले, ती शाळेतच जात नव्हती.

“वर्गात दुसरी यायची हो,” तो म्हणाला. “आता म्हणते, मला मामाच्या गावाला धाडा नाहीतर आडनाव बदला.”

“पोरं आहेत. विसरतील.”

“पोरांचं सोडा. घरात आबा हायेत, माझे वडील. त्यांनी हे ऐकलं तवापासून ते म्हणतेत, तरीच. तरीच आपल्या हिरीला पाणी नाय. तरीच थोरला भाऊ असा अकाली गेला. त्यांना आता आठवाया लागलंय, की त्यांच्या आज्याच्या तोंडून कोठाराचं कायतरी ऐकलं होतं.” त्यानं माझ्याकडं सरळ बघितलं. “मला एवढंच सांगा भाऊ, हे खरं हाय का? खरं असंल तर मी पोरीला सांगतो, की बाई, आपल्याकडनं झालं, मान खाली घालून ऱ्हाऊ. खोटं असंल तर तसं सांगतो. तुम्ही म्हणाल ते.”

मला ‘खोटं’ हा एक शब्द बोलायचा होता. मागं दोन गाइड उभे होते, कान टवकारून. एक पार्टी माझी वाट बघत होती. छातीवर बिल्ला. आणि मी काय म्हणालो माहितीये? मी म्हणालो, “आमच्या चाचांनी सांगितलेली गोष्ट आहे. जुन्या लोकांच्या तोंडची. आता खरं-खोटं आम्ही काय सांगावं!”

चाचा जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती.

“म्हणजे जुन्या लोकांना ठाव होतं,” नामदेव म्हणाला. उठला, मला हात जोडले. “बरं झालं सांगितलं,” असं म्हणून तो गेला. मी पार्टी घेतली, किल्ला दाखवला, खंदकापाशी मिठाची गोष्ट गाळली.

घरी बायकोला सांगितलं. वाटलं, ती म्हणेल जाऊ द्या. ती पोळपाट बाजूला सारून म्हणाली, “मेलेल्या माणसावर ढकललंत? ज्यांनी तुम्हाला भाकरी दिली त्यांच्यावर? आन् ती पोर घरात बसली!” पुढं आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मला भाकरी गोड लागत नव्हती. जाऊन सांगून यावं असं रोज सकाळी वाटायचं. बिडकीन काय, मोटारसायकलवर जाऊन येता येईल एवढं. पण रोज काहीतरी निमित्त निघायचं. सहल आहे, गुडघा दुखतोय, रस्त्याचं काम चालू आहे. निमित्तांना काय तोटा?

पुढच्या आठवड्यात सकाळी मी किल्ल्यावर पोचलो तर दारात गलका. पहारेकरी ओरडत होता, “अहो, धान्य घेऊन आत नाही जाता येत! ही काय गिरणी आहे का?”

समोर नामदेव. खांद्यावर अर्धं पोतं. शेजारी एक काटकुळी मुलगी, दोन वेण्या, हातात नारळ आणि हळदीकुंकवाची पुडी. त्यानं मला बघितलं आणि त्याचा चेहरा खुलला.

“भाऊ, तुम्हीच सांगा की यांना. आबांनी धाडलंय. ज्वारी हाय, घरची. आमच्याकडनं मीठ गेलं होतं म्हणतेत ना वर, तर त्याच्या बदली धान्य न्यायचं. वर राजवाड्यापातुर. नारळ फोडायचा, माफी मागायची. मग सुटलं म्हणायचं.”

पहारेकरी माझ्याकडं बघायला लागला, मी पहारेकऱ्याकडं. तिथंच सांगायचं होतं. नाही सांगितलं. मी म्हणालो, “जाऊ दे रे यांना, माझ्या ओळखीचे आहेत. नारळ मात्र वर नको, खाली येऊन फोडा.” माणूस एकदा घसरला की पायरी-पायरीनं घसरतो.

निघालो वर. एका दमात मिनारापर्यंत आला नामदेव. महालापाशी त्याचा शर्ट भिजला. मी म्हणालो, “आणा, थोडं मी घेतो.” त्यानं मान हलवली. “दुसऱ्याचा हात लागला तर फेडलं कसं म्हणायचं?” खंदकावरच्या पुलावर तो क्षणभर थांबला, खाली हिरव्या पाण्याकडं बघितलं. मुलगी माझ्या मागं, नारळ छातीशी धरून. पार्ट्या वळून वळून बघत होत्या. कुणीतरी मोबाइलवर फोटोसुद्धा काढला.

अंधारीच्या तोंडाशी आलो. आत पोतं खांद्यावर घेऊन चढणं अवघड होतं. नामदेवानं ते खाली टेकवलं आणि भिंतीला पाठ लावून बसला. मोठमोठे श्वास घेत होता. ऋतुजानं पहिल्यांदाच तोंड उघडलं. तिनं मला विचारलं, “काका, त्या माणसाला सोनं किती मिळालं होतं?”

“का गं?”

“आबा म्हणतात, ते आपल्याला पचलं नाही. मी हिशोब करत होते, तेवढ्यासाठी किती माणसं उपाशी मेली असतील.”

आठवीतली पोर. कितीक रात्री जागून ती मेलेली माणसं मोजत बसली असेल, माझ्या एका पोत्यातल्या खड्यांपायी. मी तिथंच खाली बसलो, दगडावर.

“सोनं नव्हतं,” मी म्हणालो. “सोनं मी घातलं. बेलगुडे पण मीच घातला. तसा माणूस नव्हताच. म्हणजे कुणी असेल-नसेल, त्याचं नाव कुणालाच माहीत नाही. मला शहागंजच्या एका दुकानदाराचा राग आला होता, त्याच्या पाटीवर तुमचं आडनाव होतं. तुमचा-त्याचा काही संबंध नाही. तुमच्या घराण्याचा आणि या किल्ल्याचाही काही संबंध नाही. चाचांनी नाही सांगितलं. सगळं मीच.”

आत वटवाघळं चिरकत होती. मला वाटलं, नामदेव उठून मुस्काटात देईल. दिली असती तर बरं वाटलं असतं.

“मागच्या बारीला मी इचारलं, तवा का नाय सांगितलं?” एवढंच त्यानं विचारलं.

“लाज वाटली.”

“मला नव्हती वाटत का लाज?” ऋतुजा म्हणाली. केवढ्यानं म्हणाली! अंधारीतून तिचा आवाज फिरून आला. “मी डब्यातलं मीठ धुऊन ती भाजी खाल्लीय. मम्मीला कळू नये म्हणून खाल्लीय.” आणि मग ती रडायला लागली. बापानं तिला जवळ घेतलं. मला कुठं बघावं कळेना. मी पोत्याकडं बघत राहिलो.

तिच्या पाठीवरून हात फिरवत नामदेव म्हणाला, “आता आबांना काय सांगू? म्हाताऱ्यानं दोन येळचं जेवण सोडलंय.”

“मी येतो. मी सांगतो आबांना.”

“आबांना नंतर सांगा,” मुलीनं डोळे पुसले. “आधी शाळेत येऊन सांगा. सगळ्यांसमोर.”

खाली येताना पोतं मी घेतलं. नामदेवानं अडवलं नाही. पुलावरून, महालापासून, मिनाराखालून, सगळ्या गाइडांच्या समोरून मी ते माझ्या खांद्यावर आणलं. कुणीतरी ओरडलं, “भाऊ, हमाली कधीपासून?” दारात पोतं उतरवलं आणि तिथंच चौघा-पाच जणांना गोळा करून सांगितलं, की ते नाव माझं रचलेलं आहे, आजपासून बंद. तिघांनी कान पकडले. ज्याच्या सोन्याच्या चार गोण्या होत्या, तो म्हणाला, “भाऊ, नाव काढलं तर गोष्टीत उरतं काय?” मी म्हणालो, “मीठ उरतं. तेवढं पुरे.” तो नाराज झाला. अजूनही कधीकधी तो ते नाव घेतो असं कानावर येतं. मी जाऊन त्याला झापून येतो. तोंडातून गेलेली गोष्ट परत आणणं अंधारीतून म्हैस मागं वळवण्याइतकं अवघड आहे, बाबांनो.

दोन दिवसांनी त्यांच्या गावी गेलो. मुख्याध्यापकांना कारण सांगितलं. त्यांनी आठवीच्या वर्गात नेलं आणि म्हणाले, “हे किल्ल्यावरचे ज्येष्ठ गाइड, आपल्याला माहिती सांगायला आले आहेत.” पोरांनी टाळ्या वाजवल्या. सहलीला आलेले सर दाराशी उभे राहिले. ऋतुजा आली होती. शेवटच्या बाकावर, एकटी. पुढचा बाकही रिकामाच होता.

तीस वर्षं मी माणसांपुढं बोललो. मंत्र्यांपुढं बोललो, परदेशी पाहुण्यांपुढं बोललो. त्या चाळीस पोरांपुढं मात्र मला मान वर करता येईना. फळ्याकडं अर्धं तोंड करून, खाली बघत, मी कसंबसं सांगितलं. गोष्टीतलं नाव खोटं आहे, मी रचलं, चूक झाली. दोन मिनिटांत उरकलं. सर बूट बघत होते. मी रुमाल काढला, आबांकडं निघायच्या तयारीत.

शेवटच्या बाकावर ऋतुजा उभी राहिली.

“मागं ऐकू नाही आलं, काका,” ती म्हणाली. “पुन्हा सांगा.”

मी फळ्याकडचं तोंड वळवलं. वर्गाच्या मधोमध येऊन उभा राहिलो, माझं पूर्ण नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि खंदकाच्या पलीकडच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्यापासून सगळं सांगितलं. ज्वारीतले खडे, दुकानाची पाटी, सोनं, वंशज, तिच्या वडिलांना पहिल्यांदा सांगितलेलं खोटं, काहीही न गाळता. शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीशी येऊन ऐकत होती. सांगून झाल्यावर मी तिच्याकडं बघितलं.

“आता आलं,” ती म्हणाली आणि खाली बसली.